दसऱ्याला घेतलेला ५५ इंची टीव्ही: चित्र, आवाज आणि ‘सर्व मान्य’

दसऱ्याच्या सेलमध्ये ५५ इंची फोर-के टीव्ही घेतला. आता पावसाळा तोंडावर आलाय, नव्याची नवलाई पुरती ओसरलीय, तेव्हा खरं काय ते लिहायला हरकत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही. मला ज्याबद्दल लिहायचंय, म्हणजे आपण काय बघतो यावर टीव्हीच ठेवत असलेली पाळत, ते थोड्याफार फरकाने बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या टीव्हीत आहे, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे उगाच साव ठरतात.

आधी सरळ गोष्टी उरकते. चित्राला तोड नाही. आमच्या हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. जुन्या टीव्हीवर दुपारी चारनंतर आमचीच तोंडं दिसायची, यावर क्रिकेटचा चेंडू नीट दिसतो. आवाज मात्र पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, साउंडबार घ्यावाच लागला. रिमोटवर आकड्यांची बटणं नाहीत. त्या जागी ओटीटीवाल्यांची चार बटणं आहेत आणि त्यातल्या दोघांचं सबस्क्रिप्शन आमच्याकडे नाही. सासूबाईंना चॅनलचा नंबर दाबायची सवय, त्यामुळे सेट-टॉप बॉक्सचा रिमोट वेगळा सांभाळावा लागतो. होम स्क्रीनचा वरचा अर्धा भाग जाहिरातीचा. तो बंद करायची सोय मला अजून सापडलेली नाही.

आता मुद्द्याचं. इन्स्टॉलेशनला मुलगा आला तेव्हा मी ऑफिसला होते, घरी सासूबाई. त्याने टीव्ही भिंतीवर चढवला, वाय-फायचा पासवर्ड विचारला आणि भराभर ओके, ओके करत पुढे गेला. सासूबाईंनी विचारलं, “एवढं काय दाबतोयस रे बाळा?” तर म्हणाला, “आजी, हे करावंच लागतं, नाहीतर टीव्ही पुढे सरकत नाही.” त्याच्यावर माझा राग नाही. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी घरं उरकायची होती.

तो काय दाबून गेला ते मला डिसेंबरात कळलं. टीव्ही अडकायला लागला म्हणून कस्टमर केअरने फॅक्टरी रिसेट करायला सांगितलं आणि तेच पडदे माझ्यासमोर आले. चार चौकोन होते. पहिला वापराच्या अटींचा, तो सक्तीचा. बाकीचे तीन ऐच्छिक: बघण्याच्या माहितीचा, आवडीनुसार जाहिरातींचा आणि आवाजाने शोधण्याचा. पण ऐच्छिक हा शब्द बारीक करड्या अक्षरांत, आणि खाली ठळक निळं बटण ‘सर्व मान्य’. कर्सर आधीच त्याच्यावर उभा. नाही म्हणायचं तर वर जायचं, एकेका चौकोनात शिरायचं, मजकूर शेवटपर्यंत सरकवायचा, मग परत यायचं. मेन्यूची भाषा मराठी करता येते, अटींचा मजकूर मात्र इंग्रजीत. तीन चौकोन मोकळे ठेवून पुढे गेले, तर टीव्ही सुरळीत चालू झाला. ‘पुढे सरकत नाही’ हे एकाच चौकोनापुरतं खरं होतं.

त्या ‘बघण्याच्या माहिती’च्या मागे जे तंत्र असतं त्याला एसीआर म्हणतात, म्हणजे पडद्यावर काय चाललंय ते आपोआप ओळखणं. टीव्ही पडद्यावरच्या चित्राचे, कधी आवाजाचेही, नमुने घेतो, त्यांचा एक छोटासा ठसा बनवतो आणि तो कंपनीच्या सर्व्हरला धाडतो. तिथे मालिका, बातम्या, सामने, जाहिराती यांच्या ठशांचं भांडार असतं. जुळलं की कळलं: या घरात अमुक वाजता अमुक चॅनल. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन, कॅलिफोर्नियाचं डेव्हिस विद्यापीठ आणि माद्रिदचं कार्लोस तिसरा विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०२४ साली सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींवर ब्रिटन आणि अमेरिकेत याची चाचणी केली. एलजी दर १० मिलिसेकंदांनी नमुना घेत होता आणि साधारण १५ सेकंदांनी ठसे पाठवत होता. सॅमसंग ५०० मिलिसेकंदांनी घेऊन साधारण मिनिटाने पाठवत होता.

त्या अभ्यासातली दोन निरीक्षणं आपल्या घरांना फार लागू पडतात. एक, नेटफ्लिक्ससारखं अॅप उघडलेलं असताना एसीआर गप्प बसत होतं. दुसरं, एचडीएमआयने काही जोडलं की ते जागं असायचं, मग टीव्ही नुसता मॉनिटर म्हणून का वापरेनात. आपल्याकडे एचडीएमआयला काय असतं? सेट-टॉप बॉक्स. म्हणजे सासूबाईंची संध्याकाळची मालिका, सासऱ्यांच्या नऊच्या बातम्या. मुलाचा गेमिंग कन्सोलही तिथेच. आणि मी घरून काम करते तेव्हा माझा लॅपटॉप, ज्यावर क्लायंटचे ताळेबंद उघडे असतात. ताळेबंदाचा ठसा कुठल्या भांडारात जुळणार नाही हे मला कळतं. पण नमुना घेतला जातो हेच मला पुरेसं आहे. ऑफिसात पेनड्राइव्ह लावायला परवानगी लागते, आणि घरच्या टीव्हीला कोणी विचारायला नको?

रिसेटच्या आधी, सगळं ‘मान्य’ असतानाच्या काळात, माझ्या दिराने राउटरमागे डीएनएसची, म्हणजे घरातलं कुठलं उपकरण इंटरनेटवर कुठल्या सर्व्हरचं नाव विचारतंय त्याची, नोंद ठेवणारं एक उपकरण लावलं होतं. ते मुळात मुलांच्या गेमिंगवर लक्ष ठेवायला होतं. रिसेटनंतर मी ती जुनी यादी उघडली. सासूबाई मालिका बघत असलेल्या वेळेत टीव्हीच्या नावापुढे ओळीने नोंदी, एकाच सर्व्हरकडे, आणि त्या सर्व्हरच्या नावातच ‘एसीआर’ ही अक्षरं. टीव्ही बंद, म्हणजे स्टँडबायवर, असतानाही रात्री अधूनमधून काही नोंदी होत्या. त्या बहुधा अपडेटसाठीच्या. आत काय मजकूर गेला हे या यादीतून दिसत नाही, कारण तो कूटबद्ध असतो. तिन्ही चौकोन मोकळे केल्यावर मात्र त्या नावाच्या नोंदी थांबल्या. हे कबूल करायला हवं: बंद केलं की बंद होतं. वरच्या अभ्यासातही तसंच आढळलं होतं.

नेहमीच तसं नव्हतं. २०१३ साली ब्रिटनमधल्या एका ब्लॉगरने दाखवून दिलं की त्याचा एलजी टीव्ही सेटिंग बंद करूनही चॅनलची माहिती पाठवतोय, आणि जोडलेल्या यूएसबी ड्राइव्हवरच्या फाइलींची नावंसुद्धा. पुढे कंपनीने अपडेट देण्याचं जाहीर केलं. सर्वांत गाजलेलं प्रकरण अमेरिकेतल्या व्हिझिओ या टीव्ही कंपनीचं. १ कोटी १० लाख टीव्हींमधून सेकंदासेकंदाची माहिती, तीही धड न विचारता, गोळा केल्याबद्दल फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. त्या माहितीला घरातल्यांचं वय, उत्पन्न, वैवाहिक स्थिती असले तपशील जोडण्याची सोय करून ती विकली जात होती. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सासच्या अॅटर्नी जनरलने सोनी, सॅमसंग, एलजी, हायसेन्स आणि टीसीएल अशा पाच कंपन्यांवर याच एसीआरवरून दावे ठोकले.

यावर नवऱ्याचं म्हणणं असं की, बघू देत की, आपण काय बघतो ते काय गुपित आहे? टीव्ही स्वस्त मिळाला ना? त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. व्हिझिओच्याच तांत्रिक प्रमुखाने २०१९ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की टीव्ही विकताना नफा फार उरत नाही, कमाई नंतर त्याच्यावरच्या जाहिरातींतून आणि माहितीतून होते. २०२१ मधल्या एका तिमाहीत त्या कंपनीला टीव्ही विकण्यापेक्षा जाहिराती आणि माहितीच्या धंद्यातून दुपटीहून जास्त नफा झाला. पुढे वॉलमार्टने ती विकत घेतली. जाहिरातींच्या धंद्यावर डोळा ठेवूनच, हे वेगळं सांगायला नको. तर सवलत मिळते हे खरं. पण ती किती, आणि बदल्यात काय दिलं, हे बिलावर कुठेही छापलेलं नसतं. जीएसटी पैशापैशाने दाखवतात की.

आपल्याकडे टीआरपी मोजायची रीत बघा. मुंबईतली बार्क ही संस्था देशभरातल्या ५० हजारांहून थोड्या अधिक घरांत मीटर लावते. घरच्यांना माहीत असतं, त्यांची परवानगी असते, कोण बघतंय ते सांगायला वेगळ्या रिमोटवरचं बटण दाबायचं असतं, आणि ती घरं कुठली हे गुप्त ठेवलं जातं. २०२० साली मुंबई पोलिसांनी टीआरपीचा गुन्हा नोंदवला तो अशा घरांना पैसे देऊन ठराविक चॅनल लावून ठेवायला सांगितल्याच्या आरोपावरूनच. म्हणजे मीटरच्या घराला हात लावला तर एवढं काहूर, आणि इथे मीटर टीव्हीच्या पोटात येतो, त्याची परवानगी इन्स्टॉलेशनवाला देतो.

एक सावधगिरीची सूचना मात्र द्यायला हवी. ‘गुडघेदुखीचा कार्यक्रम बघितला आणि मोबाइलवर तेलाची जाहिरात आली’ अशा गोष्टी आमच्या सोसायटीत रोज ऐकू येतात. त्यातली प्रत्येक टीव्हीच्या माथी मारू नका. मोबाइल स्वतःच पुरेसा चहाडखोर आहे, आणि घरातली सगळी उपकरणं एकाच वाय-फायवर असल्याने कोणी कोणाला सांगितलं हे बाहेरून ठरवता येत नाही.

बंद कसं करायचं? प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय, आणि एकाही नावात पाळत असं म्हटलेलं नाही. सॅमसंगमध्ये ‘व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस’, एलजीत ‘लाइव्ह प्लस’, सोनीच्या काही मॉडेलांत ‘सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही’. मॉडेल आणि साल बदललं की मेन्यूतली जागा बदलते, त्यामुळे प्रायव्हसी, अटी, जाहिरात असं जे जे दिसेल ते उघडून बघा. गुगल टीव्ही असेल तर जाहिरातींसाठीचा ओळख क्रमांक (अॅडव्हर्टायझिंग आयडी) पुसण्याची सोयही आहे. आवाजाने शोधणं बंद केल्याने आमचं काहीच अडलं नाही. मुलगा दोन दिवस कुरकुरला. आणि अपडेटनंतर परत एकदा तपासा. मार्चच्या अपडेटनंतर आमच्याकडे नव्या अटींचा पडदा पुन्हा आला होता, तेच निळं बटण, कर्सर त्याच्यावरच. त्या दिवशी रिमोट सासूबाईंच्या हातात होता. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी हाक मारली, “तुझा तो चौकोन आलाय बघ.”

टीव्हीला इंटरनेटच द्यायचं नाही, वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावायची, असाही सल्ला मिळतो. टीव्हीची कटकट त्याने संपते, पाळत संपत नाही. २०१९ मध्ये प्रिन्स्टन आणि शिकागो विद्यापीठांच्या संशोधकांना रोकू आणि फायर टीव्ही या अशाच स्ट्रीमिंग उपकरणांवर तपासलेल्या चॅनलांपैकी, म्हणजे अॅपांपैकी, अनुक्रमे ६९ आणि ८९ टक्क्यांत माग काढणारे ट्रॅकर सापडले होते. शिवाय नेटफ्लिक्स किंवा यूट्यूब तुम्ही काय बघता ते स्वतः नोंदवतातच. फरक एवढाच की तिथे तुम्ही स्वतःच्या खात्याने शिरलेले असता. आम्ही टीव्ही वाय-फायवरच ठेवलाय, चौकोन मोकळे, आणि दिराच्या उपकरणात त्या सर्व्हरचं नाव अडवलेलं.

राहता राहिलं आधीच गेलेल्या माहितीचं. दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत जे गोळा झालं ते पुसा, असा मेल मी कंपनीला टाकला. पहिलं उत्तर आलं: टीव्ही फॅक्टरी रिसेट करा. मी लिहिलं, माझ्या टीव्हीतलं नको, तुमच्याकडचं पुसा. मग तिकीट नंबर आला, त्यानंतर काही नाही. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने, माहिती देऊन आणि स्पष्ट कृतीतून घेतलेली हवी असं आहे. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायची सोय हवी. दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत दिलीय. तिकीट अजून ‘प्रलंबित’ दाखवतं. चित्राला पाचपैकी साडेचार, आवाजाला दोन, अटींच्या पडद्याला शून्य.