सातबारा खरा होता, प्लॉट मात्र बांधण्याजोगा नव्हता

2022 साली नाशिकच्या मखमलाबाद शिवारात, गोदावरीच्या अंगाला, दोन गुंठ्यांच्या प्लॉटसाठी मी एका मध्यस्थाला सहा लाख रुपये दिले. त्यांतले चार लाख वडिलांच्या निवृत्तीचे होते.

मध्यस्थाने दाखवलेला सातबारा खरा होता, मालकाचे नाव आणि फेरफार जुळत होते, आणि तेवढ्यावरच मी निर्धास्त झालो. सातबारा जमीन कोणाची आहे हे सांगतो. तिच्यावर घर बांधता येईल की नाही, हे मंजूर विकास योजनेतील वापर विभागावरून ठरते, हे मला तेव्हा उमगले नाही. मध्यस्थाने दाखवलेल्या, रस्ते आणि बाग रंगवलेल्या ले-आउटवर (प्लॉटच्या आराखड्यावर) मंजुरीचा क्रमांक किंवा अधिकाऱ्याची सही नव्हती. मी विचारल्यावर तो म्हणाला, "भाऊ, आत्ता ग्रीन झोन आहे, पण वर्षभरात यलो होईल, तेव्हा हा भाव मिळणार नाही." ग्रीन म्हणजे शेतीचा हरित पट्टा, यलो म्हणजे रहिवासी विभाग. वास्तविक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 नुसार असा फेरबदल करायचा तर जाहीर सूचना, हरकती-सुनावणी आणि शासनाची मंजुरी लागते, त्याची हमी कोणताही मध्यस्थ देऊ शकत नाही.

तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे विकण्यावरील कायदेशीर बंदीमुळे, खरेदीखताची नोंदणी होत नव्हती. तेव्हाच मी थांबायला हवे होते. पण "सध्या नोटरी करू, खरेदी नंतर" या शब्दावर मी साठेखतावर, म्हणजे पुढे खरेदी करण्याच्या करारावर, सही केली.

पुढे वास्तुविशारदाने नगररचना विभागातून झोन दाखला (जमीन कोणत्या वापर विभागात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातील तेवढा भाग) काढला, तेव्हा जमीन हरित पट्ट्यात असल्याचे आणि प्लॉटचा नदीकडचा कोपरा निळ्या पूररेषेच्या आत येत असल्याचे दिसले. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ही रेषा. तिच्या आत नवे बांधकाम निषिद्ध असते. 2008 आणि 2019 चे पूर पाहिलेल्या नाशिककराला हा नियम अन्यायाचा वाटणार नाही, मलाही वाटत नाही. माझा राग आहे तो हे ठाऊक असूनही लपवणाऱ्यावर.

दीड लाख परत मिळाले, उरलेल्या रकमेसाठी पोलिसांत तक्रार केली आहे. विसार देण्याआधी गट क्रमांक आणि मोजणी नकाशा घेऊन झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा; मध्यस्थाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका.