काइंदी की क्लिअर लेक: बुडालेल्या झाडांमध्ये डायव्हिंग करायचं तर कुठे जावं?

पाण्याखाली उभ्या असलेल्या झाडांमधून पोहायचं म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात. त्यातलं ऑस्ट्रियातलं ग्र्युनर झे आधी यादीतून काढा. वसंतात बर्फ वितळलं की तिथली झाडं, बाकडी आणि लाकडी पूल पाण्याखाली जातात. त्याचे फोटो अजून फिरतात, पण २०१६पासून तिथे डायव्हिंगला बंदी आहे. उरली दोन: कझाकस्तानातलं काइंदी आणि अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं क्लिअर लेक.

निवड कशावर करायची ते आधीच सांगतो. बुडालेलं रान काइंदीत जास्त भरगच्च आहे, पण चूक सावरायला क्लिअर लेकमध्ये जास्त वाव आहे. ड्रायसूटमध्ये (पाणी आत न येऊ देणाऱ्या, हवा भरायच्या पोशाखात) पंचवीस-तीस बुड्या झाल्या नसतील, तर काइंदीचा पाण्याखालचा बेत पुढे ढकला.

झाडं कशी दिसतात

काइंदी तळं तसं तरुण आहे. १९११च्या ‘केबिन’ नावाच्या भूकंपात चुनखडीची दरड कोसळली, दरीचं तोंड बंद झालं, पाणी तुंबलं आणि उतारावरचे स्प्रूस वृक्ष जागच्या जागी बुडाले. तळं लांबीला जेमतेम चारशे मीटर, खोली तीसेक मीटर. पाण्याबाहेर आलेले शेंडे उघडेबोडके, पांढरट, बंदरात लागलेल्या गलबतांच्या डोलकाठ्यांसारखे. त्यामुळे काठावरून सगळं मेलेलं वाटतं. डोकं पाण्याखाली गेलं की चित्र पालटतं. खोडांना फांद्या आहेत, फांद्यांना डहाळ्या आहेत आणि त्यांवर कुठे कुठे सुयांसारखी पानंही टिकून आहेत. पाणी भर उन्हाळ्यातही ६ अंशांच्या आसपासच राहतं, म्हणून कुजणं इतकं संथ. टॉर्च जवळ धरला तर डहाळीवर शेवाळाचा मऊ, केसाळ थर दिसतो. फिनचा (पायातल्या वल्ह्याचा) नुसता झोत लागला तरी तो धुरासारखा सुटतो आणि बराच वेळ खाली बसत नाही.

क्लिअर लेक त्यापुढे फार म्हातारं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी सँड माउंटनकडून आलेल्या लाव्हाने खोरं अडवलं आणि हे तळं साठलं. मॅकेन्झी नदी इथूनच निघते. इतक्या काळात फांद्या गळून गेल्यात, उरलेत ते सरळसोट उभे सोट, बहुतेक डग्लस फरचे. पाणी लाव्हाच्या थरांतून गाळून झऱ्यांवाटे वर येतं, त्यामुळे तीस मीटरपर्यंत आणि त्याहूनही पुढचं दिसतं. तापमान २ ते ६ अंश. काइंदीत झाड जवळून पाहायचं, तर क्लिअर लेकमध्ये थोडं लांब राहून अख्खी रांग एका नजरेत घ्यायची.

अडकण्याचा धोकाही याच फरकातून येतो. काइंदीत फांद्यांच्या जाळीत रेग्युलेटरची (टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणाऱ्या यंत्राची) नळी किंवा टाकीचा व्हॉल्व्ह गुंततो. गुंतल्यावर पुढे जोर लावला की गाठ घट्ट बसते आणि गाळ उठून दिसेनासं होतं. थांबा, आलात त्याच वाटेने इंचभर मागे या, बडीला (सोबतच्या डायव्हरला) सोडवू द्या. क्लिअर लेकमध्ये फांद्या नाहीत, पण ट्राउट पकडणाऱ्यांच्या तुटलेल्या दोऱ्या खोडांना लटकलेल्या असू शकतात. त्या पाण्यात दिसत नाहीत. मोठ्या चाकूपेक्षा हाताशी बांधलेला छोटा लाइन कटर बरा. जाड हातमोज्यांतून तो उघडता येतो का, हे घरीच पाहून घ्या. दोन्हीकडे नळ्या अंगालगत आवळून बांधा आणि बेडकासारखी आडवी फ्रॉग किक मारा.

उंचीचं गणित

मालवण, अंदमान किंवा गोव्यात शिकलेल्यांची फसगत इथेच होते. काइंदी साधारण २,००० मीटर उंचीवर आहे, क्लिअर लेक ९२० मीटरवर. काइंदीत हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा वीस टक्क्यांहून थोडा अधिक कमी, क्लिअर लेकला दहा टक्के कमी. दाब जितका कमी, तितका वर येताना शरीरातला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात लवकर सुटतो. म्हणून किती खोलीवर किती वेळ राहता येईल हे सांगणारा डायव्हिंगचा तक्ता वापरताना खोली वाढवून धरावी लागते. १८ मीटरची बुडी काइंदीत २३ मीटरची समजायची, क्लिअर लेकमध्ये २० मीटरची. गोड्या पाण्यामुळे यातून अर्धा मीटर वजा होऊ शकतो, पण तो वजा करू नका, गाठीशी राहू द्या. सेफ्टी स्टॉपही (वर येताना थोडा वेळ थांबायची खोली) त्याच प्रमाणात वर सरकतो: काइंदीत ५ऐवजी ४ मीटर. तरंगत्या बोयाला ४ मीटर दोरी आधीच मोजून बांधली तर ऐनवेळी हिशेब करावा लागत नाही.

डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं मनगटी यंत्र) उंची आपोआप ओळखतो की हाताने बसवावी लागते, ते मॅन्युअलमध्ये पाहा. तो तळ्यावर पोहोचल्यावर चालू करा आणि ‘गोडं पाणी’ हा पर्याय निवडा. आल्या आल्या पाण्यात शिरू नका. किमान सहा तास जाऊ द्या, बारा उत्तम. काइंदीसाठी पायथ्याच्या साती गावात रात्रीचा मुक्काम ठेवला की हे आपसूक साधतं.

थंडी, रेग्युलेटर आणि शिसं

टाकीतली हवा फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरच्या टाकीला जोडलेल्या भागात) एकदम प्रसरण पावते आणि थंड होते. बाहेरचं पाणीच ४-५ अंशांचं असेल तर आत बर्फ धरतं, झडप उघडीच राहते आणि सेकंड स्टेजमधून (तोंडात धरायच्या भागातून) हवा धो धो सुटते. भरलेली टाकी काही मिनिटांत रिकामी होते. यासाठी थंड पाण्यासाठी प्रमाणित, सीलबंद डायफ्रॅमचा (आत पाणी न शिरू देणारा) फर्स्ट स्टेज लागतो. भाड्याने घेताना नुसता ‘चालेल’ हा शब्द धरू नका, मॉडेल विचारा. काठावर गार हवेत रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहू नका, हवा एकदम सोडणारं पर्जचं बटण दाबू नका. बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळणारं जॅकेट) आणि ड्रायसूट यांत एकाच वेळी हवा भरू नका. भरताना बटण क्षणभर दाबून सोडा. काइंदीत दोन व्हॉल्व्हची टाकी आणि दोन स्वतंत्र फर्स्ट स्टेज हवेतच, म्हणजे गोठलेली बाजू बंद करून दुसरीवर श्वास चालू राहतो.

बुडण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा दोन-अडीच किलो कमी लागतं. पण ड्रायसूट आणि आतले लोकरी थर तरंगवतात, त्यामुळे तारकर्लीला पातळ वेटसूटवर जितकं लागायचं त्याच्या दुपटीहून जास्तही लागू शकतं. अंदाजावर जाऊ नका. टाकीत ५० बार (म्हणजे संपत आलेली) हवा उरली असताना उथळ पाण्यात तपासा. ड्रायसूटमधली हवा पायांकडे गेली की माणूस उलटा होऊन वर फेकला जातो. यातून सावरणं कोर्समध्येच शिकावं लागतं. पहिली बुडी पंचवीस मिनिटांपुरती ठेवा. बोटांची जाणीव जायच्या आत बाहेर यायचं.

पोहोचणं आणि परतणं

भारतातून निघणाऱ्याला काइंदी सोपं. भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवस व्हिसा लागत नाही. अल्माटीहून सातीपर्यंत रस्त्याने निम्मा दिवस, पुढे खडबडीत वाट आणि ओढे, म्हणून उंच फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी. टाक्या, शिसं, ऑक्सिजन किट सगळं अल्माटीहूनच न्यावं लागतं. तळं कोलसाई राष्ट्रीय उद्यानात आहे, तेव्हा डायव्हिंगची परवानगी आयोजकाकडून आधी लेखी मागा. अपघात झाला तर मदत दूर आहे, आणि हीच काइंदीची सगळ्यात कमकुवत बाजू.

पोर्टलंड किंवा सिएटलच्या मराठी मंडळींना क्लिअर लेक शनिवार-रविवारात जमतं. डांबरी रस्ता थेट काठापर्यंत येतो. पेट्रोलच्या बोटींना मनाई असल्याने डोक्यावरून पंखा जाण्याची भीती नाही. सोबतचं कोणी डायव्ह करत नसेल तर वल्ह्याच्या होडीतूनही झाडं स्वच्छ दिसतात.

परतीचा रस्ता मात्र नकाशावर उंची पाहून ठरवा. क्लिअर लेकहून १२६ क्रमांकाचा रस्ता मॅकेन्झीच्या काठाने युजीन शहराकडे उतरतो, तो चांगला. त्याच संध्याकाळी बेंड शहराकडे निघालात तर सँटियम खिंड लागते, म्हणजे तळ्यापेक्षा आणखी साडेपाचशे मीटर वर. शरीरासाठी ते विमानात बसण्यासारखंच. एका बुडीनंतर १२ तास आणि एकापेक्षा जास्त असतील तर १८ तास विमान टाळायचं, हाच नियम खिंडीलाही लावा. काइंदीहून परतताना अल्माटीत एक रात्र काढा आणि मगच विमान पकडा.