रूट ४० वरचं जुन्या बाटल्यांचं दुकान: भाव कडक, चिठ्ठ्या खऱ्या

न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघालात तर दीड तास धरून चाला. टर्नपाइक सोडून दक्षिण जर्सीत रूट ४० ला लागलं की मक्याची शेतं, घोड्यांचे तबेले, टोमॅटोचे ठेले, आणि मधेच एका खांबावर हाताने रंगवलेली पाटी: ‘ओल्ड बॉटल्स’, खाली बाण. दुकानाला याहून वेगळं नाव नाही. नकाशात शोधू नका, सापडणार नाही. बाणाच्या दिशेने कच्च्या रस्त्यावर वळलं की एक गोठेवजा लाकडी इमारत दिसते, तेच.

हे दुकान इथेच असण्याला कारण आहे. खालची वाळू काचेला उत्तम आणि भट्टीला लागेल तेवढं जंगल आजूबाजूला, म्हणून १७३९ मध्ये कॅस्पर विस्टारने याच सेलम काउंटीत काचकारखाना काढला. अमेरिकेत नीट चाललेला तो पहिला. ग्लासबरो या गावाच्या नावातच काच आहे. मिलव्हिलला व्हीटन आर्ट्समध्ये अमेरिकन काचेचं संग्रहालय आहे आणि १८८८ च्या कारखान्याच्या धर्तीवर बांधलेल्या भट्टीत काच फुंकून दाखवतात. आधी ते बघा, मग दुकानात या. खिशाला बरं पडतं, कारण डोळा तयार झालेला असतो.

मी फार्मसीत काम करते, त्यामुळे माझे पाय आपोआप औषधांच्या मांडणीकडे वळतात. तिथे मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरपच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. वीतभरसुद्धा नाहीत, फिकट निळसर-हिरव्या, अंगावर उठावाची अक्षरं. दात येताना रडणाऱ्या बाळांना शांत करण्याचं हे औषध. शांत करायचं ते मॉर्फिनने. १९०६ चा अन्न-औषध कायदा येईपर्यंत बाटलीवर तसं सांगायचीही सक्ती नव्हती. दिवसभर डोस तपासणाऱ्या माणसाने ती बाटली हातात घेऊन बघावी, पोटात कालवतं.

एक बाटली १२ डॉलरला आणि शेजारची ४५ ला. दोघी दिसायला जुळ्या. मालकाने काही न बोलता दोन्ही माझ्या हातात उलट्या ठेवल्या. स्वस्त बाटलीचं बूड गुळगुळीत. महाग बाटलीच्या बुडावर अंगठा फिरवला तर काचेचं खरबरीत कडं लागलं. बाटली फुंकून झाली की तिचं तोंड घडवेपर्यंत धरायला बुडाशी वितळलेल्या काचेने एक लोखंडी दांडी चिकटवत. दांडी तोडली की नाळेच्या जागी बेंबी राहावी तसा हा वण राहतो. त्याला पाँटिल म्हणतात. साधारण १८६० च्या सुमाराला बूड चिमट्याने धरायला लागले आणि वण गेला. मधले ३३ डॉलर त्या कड्याचे.

एवढ्यासाठीच हे दुकान मला आवडतं. इथे बाटली हातात मिळते. जर्सीतल्या बऱ्याच अँटिक मॉलमध्ये माल कुलूपबंद काचेच्या कपाटात असतो, किल्लीवाली बाई शोधायला अर्धा तास जातो, आणि आल्यावर ती आपल्या डोक्यावर उभी राहते. अशा एका मॉलमध्ये मला चकचकीत बाटली दाखवली होती. तोंडाशी बोट घातलं तर तेलकट! जमिनीत पुरलेल्या बाटलीवर पांढरट झाक चढते, आतून तेल फिरवलं की ती तात्पुरती दिसेनाशी होते. बाटली जागच्या जागी ठेवून बाहेर पडले.

इथे मात्र प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्याने चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली, आणि चिठ्ठीत दोष आधी. ‘तोंडाला टवका.’ ‘आत झाक, जाणार नाही.’ ‘रंग यंत्रात जांभळा केलाय.’ हा शेवटचा प्रकार माहीत नसेल तर सांगते: पूर्वी काच बिनरंगी दिसावी म्हणून मँगनीज घालत, आणि अशी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की हलकी जांभळी होते. हल्ली किरणोत्साराने तीच काच गडद वांगी करतात आणि ‘दुर्मिळ’ म्हणून विकतात. चिनी औषधाच्या इवल्याशा कुप्या सगळीकडे ‘अफूची बाटली’ म्हणून खपवतात. इथल्या चिठ्ठीवर ‘चिनी औषधाची कुपी, ६ डॉलर’ एवढंच. मेसनच्या, म्हणजे फळं-भाज्या टिकवायच्या फिरकीच्या झाकणाच्या बरणीवर मोठ्या अक्षरात ३० नोव्हेंबर १८५८ असतं, ती तारीख पेटंटची. त्या तारखेच्या बरण्या पुढे विसाव्या शतकातही निघत होत्या, आणि चिठ्ठीत तेही लिहिलंय.

आता फ्लास्क. ते आतल्या खोलीत, खिडकीला लावलेल्या फळ्यांवर. चपट्या, खिशात मावणाऱ्या व्हिस्कीच्या बाटल्या, दोन्ही बाजूंना साच्यातून उठवलेली चित्रं: गरुड, मक्याची कणसं, पुढारी. फिलाडेल्फियाच्या डायटव्हिल कारखान्याचा फ्लास्क मी बराच वेळ धरून उभी होते. एकीकडे वॉशिंग्टन, ‘राष्ट्राचा पिता’. दुसरीकडे जनरल टेलर, ‘कधीच शरण जात नाही’. १८४८ ची अध्यक्षपदाची निवडणूक त्याने जिंकली, तिच्या आगेमागे हा टेलर घराघरांत दारूसकट पोचला होता. प्रचाराची ही तऱ्हा आपल्याकडे कुणाला नवीन वाटू नये. निळसर-हिरव्या रंगात १४० डॉलर. तोच फ्लास्क गर्द निळ्या काचेत असता तर आकडा हजारांत गेला असता. आकार तोच, साचा तोच, पैसे रंगाचे. मला हे पटत नाही, पण बाजार माझ्या पटण्यावर चालत नाही.

याच खोलीत खालच्या फळीवर नकला वेगळ्या मांडल्यात. त्यात बूझ नावाच्या दारूविक्रेत्याची झोपडीच्या आकाराची व्हिस्कीची बाटली हटकून असते. छपरावर १८४० लिहिलंय, पण मूळ बाटलीसुद्धा १८६० च्या दशकातली. क्लेटनच्या क्लेव्हेंजर बंधूंनी १९३० च्या दशकापासून तिच्या नकला तोंडाने फुंकून केल्या, म्हणजे हाताची कारागिरी त्यांच्यातही आहे. नुसती साच्याच्या जोडाची शिवण आणि पाँटिल बघून निकाल देणाऱ्यांची इथेच फसगत होते. मालक भिंग देतो आणि बुडाची झीज बघायला सांगतो. खरी झीज टेकणाऱ्या जागीच, वेडीवाकडी. सँडपेपरने घासलेली असेल तर ओरखडे एका दिशेला. आमच्या कऱ्हाडला ओगलेवाडीच्या काचा घरोघरी असायच्या, त्यांची बुडं असं कुणी बघितलेली मला आठवत नाही. नक्कल २५ डॉलरला आहे आणि खरं सांगते, शोकेसमध्ये ठेवायला झकास आहे.

बाटली घासून देण्याचं कामही ते घेतात: पिंपात तांब्याच्या तारेचे तुकडे आणि पॉलिशची पूड घालून बाटली काही दिवस फिरवत ठेवायची. ३० डॉलर एका बाटलीचे. माझी अंबर रंगाची हॉस्टेटर्स बिटर्सची (कडू औषधी दारूची) बाटली छान उजळून आली. फ्लास्क मात्र ते घेत नाहीत. उठाव जरा जरी बोथट झाला तर संग्राहक तोंड फिरवतात, असं त्यांचं म्हणणं.

तक्रारी आहेत. भाव कडक. फ्लास्कवर घासाघीस केली तर मालक हसतो आणि बाटली जागेवर ठेवतो. औषधांच्या बाटल्यांवर, चार-पाच घेतल्या तर, थोडं सोडतो. मागच्या शेडमधल्या खोक्यांना चिठ्ठ्या नाहीत, तिथे उंदरांचा वास आणि अंधार. हिवाळ्यात आत कोट काढवत नाही. बाथरूम नाही, मुलांना घेऊन जाऊच नका. बांधून देतात ते जुन्या वर्तमानपत्रात, म्हणून मी घरून टॉवेल नेते.

शुक्रवार ते रविवार, दहा ते चार. कार्ड चालत नाही, रोख किंवा चेक. आठवड्याच्या आत परत घेतात, मात्र गळ्यातली चिठ्ठी शाबूत हवी.