यूजीसीचा कम्युनिटी कॉलेज आराखडा: हिशेब चोख, वर्कशॉप लंगडं

लहान गावात कम्युनिटी कॉलेज, म्हणजे आसपासच्या लोकांना कामाचं कौशल्य शिकवणारं कॉलेज, काढायचं म्हटलं की पहिली बैठक इमारतीला जागा कुठली, या प्रश्नावरच संपते. खरं तर 1901 साली अमेरिकेत जोलिएट इथलं असंच कॉलेज सुरू झालं तेही हायस्कूलच्याच आधाराने, अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर. बाराव्या पंचवार्षिक योजनेतल्या (2012-17) यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यातही नवी इमारत नव्हती, चालू कॉलेजातच अभ्यासक्रम उभा करायचा होता. ही त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट.

दुसरी जमेची बाजू म्हणजे मधेच बाहेर पडायची सोय. सहा महिन्यांना प्रमाणपत्र, वर्षाला डिप्लोमा, दोन वर्षांना ॲडव्हान्स डिप्लोमा. घरची अडचण आली म्हणून शिकणाऱ्याची सगळी मेहनत पाण्यात जात नाही.

वेळापत्रक मात्र कागदपेन्सिल घेऊन बघा. या आराखड्यात वर्षाचे 60 क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप): 36 कौशल्याचे, 24 सामान्य शिक्षणाचे. वर्गात किंवा लॅबमध्ये एका क्रेडिटला साधारण 15 तास. इंटर्नशिपच्या तासाचं वजन निम्मं, म्हणजे तिथे एका क्रेडिटला 30 तास. समजा 12 क्रेडिट इंटर्नशिपला दिले, तर तिचे झाले 360 तास, रोज आठ धरले तरी 45 दिवस. उरलेल्या 48 क्रेडिटचे 720 तास. संध्याकाळी तीन तासांची बॅच ठेवली तर 240 संध्याकाळी लागतात. सण, परीक्षा, शेतीचा हंगाम वजा केल्यावर त्या कुठून आणणार? चार तास केले तर 180 मध्ये बसतं. 'कामावरून सुटून शिका' अशी जाहिरात छापण्याआधी एवढं गणित तरी कराच.

खरी गोची वर्कशॉपमध्ये. एसी-रेफ्रिजरेशनचा कोर्स घ्या. सोळा जणांत एकच एसी असेल, तर दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला साडेसात मिनिटं येतात, आणि एसीतली हवा ओढून काढायला व्हॅक्यूम पंप चालू केला की अर्धा तास कुणालाच हात लावायला काही नसतं. त्यातून तांब्याच्या नळीचं फ्लेअरिंग, म्हणजे सांध्यासाठी तिचं टोक पसरवणं: नट आधी नळीवर सरकवायचा राहिला की केलेला फ्लेअर कापूनच टाकावा लागतो. आतली बर, म्हणजे कापल्यावर उरलेली धातूची खरखरीत कड, साफ केली नाही, तर सांधा गळतो. हे चुकून चुकूनच जमतं, म्हणजे नळी भरपूर लागते. अंदाजपत्रकात यंत्र असतं. नळी, गॅस, ब्रेझिंगच्या (नळ्या तापवून जोडायच्या) काड्या नसतात. मग दुसऱ्या सत्रापासून 'प्रात्यक्षिक दाखवलं' एवढंच उरतं. उपाय साधा आहे: एसी एकच घ्या, पण चार-चारच्या गटांसाठी नळी कापायचे आणि फ्लेअरिंगचे चार संच ठेवा, आणि खपणाऱ्या मालाची तरतूद दर सत्राला वेगळी दाखवा.

मूल्यमापन दोन दारांतून: सामान्य भाग विद्यापीठाकडे, कौशल्याचा सेक्टर स्किल कौन्सिलकडे, म्हणजे त्या उद्योगक्षेत्राच्या कौशल्य परिषदेकडे. परीक्षकाची तारीख लांबली की निकाल अडकतो, म्हणून ती तारीख सत्र सुरू होतानाच मागून घ्यावी.

उद्योगाशी सामंजस्य करार बहुतेक ठिकाणी सही-शिक्क्यापुरता होतो. त्यात 'सहकार्य करू' असलं मोघम नको. किती मुलं, कोणत्या महिन्यात, कोणत्या मशीनवर, कोणत्या मिस्त्रीच्या हाताखाली आणि विद्यावेतन किती, एवढं लिहून घ्या. जवळपास असं लिहून देणारा मालक मिळत नसेल, तर ट्रेड बदला. कोर्स आवडीने नव्हे, मालक बघून निवडायचा असतो.