लांडग्यासाठी झटका-जाळी: उंचीचं नंतर बघा, आधी अर्थिंग

वस्तीच्या आसपास लांडगा दिसू लागला की शेळ्या-मेंढ्यांच्या कळपाभोवती लावायला झटका-जाळी, म्हणजे दोऱ्यांमधून विजेचा झटका देणारी जाळी, घेणारा पहिला प्रश्न उंचीचा विचारतो. पण कुंपणाशी आलेला लांडगा सहसा लगेच उडी मारत नाही. तो कडेकडेने फिरतो, खाली हुंगतो, फट सापडली तर तिथेच उकरतो. म्हणून ५० मीटरच्या रीलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुंट्या आधीच ओवून येणाऱ्या झटका-जाळीचं हे परीक्षण खालून वर केलं आहे.

या जाळीची सगळ्यात खालची दोरी जमिनीला टेकते आणि तिच्यात करंट नसतो. खरं काम तिच्या वरची दोरी करते. ती जमिनीपासून २० सेंमीच्या आत हवी. सपाट जागेवर जाळी नीट बसते, पण ओघळ, बांध किंवा गाडीवाटेची चाकोरी आली की दोन खुंट्यांच्या मधे खाली पोकळी राहते, आणि लांडगा नेमका तिथूनच शिरतो. अशा जागी एक जादा खुंटी ठोकून जाळी खाली ओढून घ्यावी, किंवा खड्डा भरून टाकावा. जाळी उभारून झाली की एकदा वाकून, जमिनीलगत नजर ठेवून पूर्ण फेरी मारावी. उभ्याने बघितलं तर या फटी दिसत नाहीत.

उंचीचं थोडक्यात: ९० सेंमीची स्वस्त पडली तरी घेऊ नये, १०५ ते १२० सेंमी पुरते. उभ्या पट्ट्या कडक प्लॅस्टिकच्या असतील तर जाळी कमी लोंबते. नुसत्या दोऱ्यांची महिनाभरात ढिली पडते. कोपऱ्यावरची खुंटी आत झुकतेच, तिला बाहेरच्या बाजूने ताण-दोरी बांधावी लागते. बऱ्याच सेटमध्ये ही दोरी नसते. ही कंजुषी समजण्यापलीकडची आहे.

आता झटका मशीन, म्हणजे जाळीत झटके सोडणारं यंत्र. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला जूलचा आकडा बहुतेक वेळा साठवलेल्या ऊर्जेचा असतो. बघायचा तो आउटपुट जूल, म्हणजे प्रत्यक्ष जाळीत जाणारी ऊर्जा. एका रीलमागे निदान पाव जूल आउटपुट धरावं. चार रील जोडायच्या असतील तर एक जूल. जाळीच्या दूरच्या टोकाला व्होल्टमीटरवर ४,००० व्होल्ट दिसायला हवेत. लांडग्याचे केस दाट असतात, अंगाला दोरी घासली तर त्याला फारसं काही होत नाही. झटका बसतो तो ओल्या नाकाला, आणि तो पहिल्याच भेटीत बसला पाहिजे. यावरून एक नियम निघतो: करंटशिवाय जाळी एक रात्रही उभी ठेवू नये. बंद जाळी हुंगून गेलेला लांडगा तिला भीत नाही, आणि पुढे झटका सुरू केला तरी तो धीटपणे येतो.

सेटचं सगळ्यात कमकुवत अंग म्हणजे अर्थिंग, मशीनची जमिनीशी असलेली जोडणी. झटक्याचा करंट जमिनीतून तिच्यावाटेच मशीनकडे परततो. छोट्या सोलर मशीनसोबत वीतभर लोखंडी खुंटी देतात. ओल्या गवतात ती चालते, कोरड्या मुरमाड जमिनीत नाही. मशीन टकटक करतं, दिवा लुकलुकतो आणि जाळीत दम नसतो. तेव्हा एक मीटर लांबीच्या, गंज न चढणाऱ्या तीन सळ्या, एकमेकींपासून तीनेक मीटरवर, ओलाव्याच्या जागी ठोकून एकाच तारेने जोडाव्यात. तपासणी अशी: मशीनपासून शंभरेक मीटरवर लोखंडी सळी जाळीला टेकवून ती जमिनीत रोवायची, जाळीचा दाब २,००० व्होल्टच्या खाली येईपर्यंत. मग अर्थिंगच्या सळीवर मीटर लावायचा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर सळ्या वाढवा. सळी टेकवताना मशीन बंद ठेवायचं आणि व्होल्ट मोजतानाच चालू करायचं, हे सांगायला नको.

दाब घसरण्याचं दुसरं कारण गवत. जाळीखालचा हात-दीड हात पट्टा आधी कापून घ्यावा, पावसाळ्यात पुन्हा पुन्हा. दिवसभर ढग असले की सोलर पॅनेल बॅटरी भरत नाही. १२ व्होल्टची बॅटरी १२च्या खाली जाऊ दिली तर ती लवकर मरते. मशीनऐवजी घरातली वीज थेट जाळीत सोडणं म्हणजे माणूस मारणं. एकाच जाळीला दोन मशीनही जोडायची नाहीत.

तक्रारीही खऱ्या आहेत. शिंगाळ शेळी किंवा नवखं कोकरू जाळीत अडकून मरू शकतं, म्हणून कळपाला दिवसा, समोर उभं राहून, जाळीची ओळख करून द्यावी. आतली जागा अगदी आवळून ठेवू नये. लांडगा बाहेरून घिरट्या घालतो तेव्हा बिथरलेला कळपच आतून जाळी पाडतो, आणि दोष जाळीला मिळतो. कासवासारखे छोटे जीवही खालच्या करंटवाल्या दोरीला बळी पडतात. त्यावर पक्का उपाय नाही.

काही सेटसोबत लाल कापडी पट्ट्या येतात. ५० सेंमी लांब, १० सेंमी रुंद, ५० सेंमी अंतरावर टांगायच्या, खालचं टोक जमिनीच्या किंचित वर. पूर्व युरोपात लांडग्यांच्या शिकारीत हाकारा करताना हीच युक्ती वापरत. लांडगा बुजतो, पण फार तर दोनेक महिने. वाऱ्याने पट्ट्या तारेला गुंडाळल्या तर तेवढेही नाही. लुकलुकणाऱ्या दिव्यांचंही तेच. जागा बदलत राहिलं तर थोडे दिवस जास्त. विण्याच्या हंगामासारख्या नेमक्या आठवड्यांसाठी घ्यावं, कायमचा उपाय म्हणून नाही.

कुत्र्यासाठी मात्र ही खरेदी चुकीची. लांडगा कुत्र्याकडे कधी भक्ष्य म्हणून बघतो, कधी हद्दीतला प्रतिस्पर्धी म्हणून, आणि बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. त्याला रात्री घरात घ्यावं, नाहीतर छत असलेला वेल्ड जाळीचा पिंजरा करावा. बाहेरच्या बाजूने दोन फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून तिच्यावर दगड ठेवले की उकरणं थांबतं. खिळ्यांचा पट्टा गळा वाचवतो, पोट आणि मांड्या नाहीत. उरलेलं खाणं रात्री उचलावं, मेलेलं जनावर वस्तीजवळ टाकू नये. दोन्ही करायचं नसेल तर जाळीवर खर्च करू नका.

घेताना तीन-चार जादा खुंट्या आणि व्होल्टमीटर सोबतच घ्या, कारण सेटमध्ये तो नसतो आणि त्याच्याशिवाय जाळी चालू आहे की नाही हे नुसत्या टकटकीवरून कळत नाही. हंगाम संपला की जाळी गुंडाळून टांगून ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या रीलमध्ये उंदीर शिरतात आणि दोऱ्या कुरतडतात.