पासिंग १,७०० किलोंची, गाडी १,२३० किलोंची

पिकअप घेताना विक्रेता तोंडी सांगतो ते वजन, आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) छापलेल्या आकड्यांतून निघणारे वजन आणि तयार गाडीत कायद्याने प्रत्यक्ष भरता येणारे वजन, ही तीन निरनिराळी वजने असू शकतात. त्यांतील फरक ग्राहकाला कळू नये अशा पद्धतीने कागदपत्रे करून एका विक्रेत्याने आमची फसवणूक केली. कोल्हापुरात उद्योगासाठी, दुकानासाठी किंवा भाड्याने चालवण्यासाठी पिकअप घेणारे अनेक जण आहेत. त्यांना गाडी ताब्यात घेण्यापूर्वी हे वाचता यावे, म्हणून सर्व आकड्यांसह लिहीत आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्याने विक्रेत्याचे नाव लिहिलेले नाही.

आमचे बांधकाम साहित्याचे दुकान शहराच्या कडेला आहे. सिमेंट, फरशी, विटा असा माल राधानगरी आणि गगनबावडा या बाजूच्या गावांना पोहोचवण्यासाठी स्वतःची गाडी हवी होती. शोरूममधील विक्री प्रतिनिधीला आम्ही पहिल्याच भेटीत सांगितले होते की माल सिमेंटचा आहे, रस्ता चढउताराचा आहे आणि अधूनमधून काँक्रीट मिक्सरही मागे जोडून न्यावा लागेल. त्यावर त्याचे उत्तर असे होते : ‘‘मालक, पन्नास पोती डोळे झाकून भरा, गाडी हूं का चूं करणार नाही. कागदावर पासिंग सतराशेची असते, पण कंपनी वर मार्जिन ठेवूनच गाडी बनवते. पाटे आम्ही वाढवून देतो.’’ पाटे म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

सिमेंटचे पोते ५० किलोंचे, म्हणजे पन्नास पोती अडीच टन होतात. कागदावर १,७०० असताना अडीच टन कसे, असे विचारल्यावर त्याने केंद्र सरकारने २०१८ मध्ये वजनमर्यादा वाढवल्याचा दाखला दिला. दाखला खरा आहे आणि म्हणूनच तो घातक आहे. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने मोठ्या मालवाहतुकीच्या गाड्यांसाठी प्रत्येक अ‍ॅक्सलवरील (चाकांच्या आसावरील) भाराची वरची मर्यादा वाढवली. दोन टायरच्या अ‍ॅक्सलसाठी ती ६ टनांवरून ७ टन आणि चार टायरच्या अ‍ॅक्सलसाठी १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. साडेतीन टनांच्या आतल्या पिकअपचा एकही अ‍ॅक्सल त्या आकड्यांच्या जवळपास जात नाही. अशा गाडीची मर्यादा उत्पादकाने ठरवलेली आणि आरसीवर नोंदलेली एकूण वजनाची असते, आणि ती त्या अधिसूचनेने एका किलोनेही वाढलेली नाही.

आम्ही पन्नास पोत्यांवर विश्वास ठेवला नाही. ओळखीच्या एका वाहतूकदाराने कागदाबाहेर जाऊ नका असे बजावले होते, त्यामुळे १,७०० किलो, म्हणजे ३४ पोती, हाच हिशेब धरून गाडी घेतली आणि सुरुवातीपासून तेवढीच भरली. आमच्या आरसीवर भरलेल्या गाडीचे कमाल वजन ३,४९० किलो आणि रिकाम्या गाडीचे वजन १,७९० किलो आहे. वजाबाकी बरोबर १,७०० येते. तरीही महामार्गावर आरटीओच्या भरारी पथकाने गाडी वजनकाट्यावर घेतली तेव्हा आकडा ३,९६० किलो आला. कागदाप्रमाणे माल भरलेली गाडी ४७० किलोंनी जास्त भरली होती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि जादा असलेल्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये अशी तरतूद आहे. जास्तीचा माल उतरवण्याचा खर्च गाडीमालकावर येतो आणि माल उतरल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. दहा पोती दुसऱ्या टेम्पोत घालेपर्यंत संध्याकाळ झाली. पथकातील अधिकाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी काट्यावरचा आकडा वाचला.

दुसऱ्या दिवशी गाडी रिकामी करून, डिझेलची टाकी भरून आम्ही स्वतः काट्यावर घातली. वजन २,१२० किलो भरले. आरसीपेक्षा ३३० किलो जास्त. उरलेले १४० किलो चालक आणि हमाल यांचे होते. येथे कायद्यातील एक व्याख्या माहीत असणे फार उपयोगाचे आहे. रिकाम्या गाडीच्या वजनात नेहमीची साधनसामग्री धरली जाते, परंतु चालक आणि मदतनीस यांचे वजन धरले जात नाही. म्हणजे गाडीत बसणारी माणसे मालाच्या हिश्श्यातून वजा होतात. माहितीपत्रकातला ‘पेलोड’ (गाडीत भरता येणारे वजन) हा शब्द वाचताना हे कोणी सांगत नाही.

आता ३३० किलो कोठून आले ते सांगतो, कारण फसवणूक नेमकी तेथे आहे. गाडी कंपनीच्या मूळ हौद्यासह नोंदवली गेली. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, त्याच हौद्याचे वजन धरलेले होते. पासिंग झाल्यानंतर आणि आमच्या ताब्यात देण्यापूर्वी विक्रेत्याने तो हौदा उतरवून आपल्या ठरलेल्या कारागिराकडून जाड अँगलचा, दुहेरी पत्र्याच्या तळाचा, उंच फाळक्यांचा नवा हौदा बसवला. वर केबिनवरचा कॅरिअर, मागे जाड गार्ड आणि वाढीव पाटे. याचे ६५,००० रुपये ‘अ‍ॅक्सेसरीज’ म्हणून साध्या पावतीवर घेतले आणि मुख्य बिलात त्याचा उल्लेखही केला नाही. आम्हाला गाडी मिळाली ती आरसी आणि हौदा दोन्ही तयार असलेल्या अवस्थेत, त्यामुळे आधी काय झाले आणि नंतर काय, हे कळण्याचा मार्ग नव्हता. कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. विक्रेत्याने तो केला आणि जबाबदारी आमच्या नावावर राहिली. कंपनीचा मूळ हौदा कोठे गेला, याचे उत्तर लेखी विचारूनही मिळालेले नाही.

थोडक्यात हिशेब असा झाला : ३,४९० मधून २,१२० वजा केले की १,३७० उरतात, त्यातून दोन माणसांचे १४० गेले की १,२३०. म्हणजे चोवीस पोती. तोंडी पन्नास, कागदावर चौतीस, काट्यावर चोवीस.

वाढीव पाट्यांविषयी वेगळे लिहिणे आवश्यक आहे, कारण कोल्हापुरात जुनी पिकअप विकतानाही ‘पाटे वाढवलेत’ हे गुण म्हणून सांगितले जाते. उद्यमनगरातील एका जुन्या मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन पाहिल्यावर जे समजावले ते असे की, पाटे वाढवल्याने भरलेली गाडी मागे बसत नाही, एवढाच बदल होतो. अ‍ॅक्सल तोच, बेअरिंग तेच, ब्रेकचे ड्रम तेच, चाकाच्या डिस्क त्याच आणि टायर तेच राहतात. उलट गाडी खाली बसणे ही जास्त वजनाची डोळ्यांना दिसणारी एकमेव खूण असते आणि ती झाकली जाते. शिवाय पाट्यांचे स्वतःचे वजन वाढते ते निराळेच.

टायरची मर्यादा टायरवरच लिहिलेली असते. मापाच्या पुढे जो आकडा असतो तो भाराचा निर्देशांक. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०८ म्हणजे १,००० किलो, ११२ म्हणजे १,१२० किलो. आमच्या मागच्या टायरवर ११२ आहे, म्हणजे मागच्या दोन टायरनी मिळून २,२४० किलोंपेक्षा जास्त पेलायचे नाही. रिकाम्या गाडीची फक्त मागची चाके काट्यावर घेतल्यावर ९९० किलो आले. पिकअपमध्ये मालाचा बहुतेक भार मागच्या अ‍ॅक्सलवर जातो. तेव्हा पन्नास पोती भरली असती तर त्या दोन टायरवर तीन टनांहून अधिक भार आला असता. करूळ घाट उतरताना, ब्रेक तापलेले असताना, त्याचा अर्थ काय झाला असता हे मी लिहीत नाही.

मिक्सरची गोष्ट याहून वाईट आहे. गाडीला मागे हुक आहे, तो दाखवून ‘काहीही ओढा’ असे सांगितले गेले आणि मोकळ्या जागेत मिक्सर ओढूनही दाखवला. परंतु ओढता येणे आणि थांबवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या मिक्सरचे वजन १,१५० किलो असून त्याला स्वतःचे ब्रेक नाहीत. उतारावर हे सगळे वजन गाडीला पाठीमागून ढकलते आणि ते रोखण्याचे काम फक्त गाडीच्या ब्रेकवर पडते. वाहनासोबतची पुस्तिका नंतर मन लावून वाचली, तेव्हा तो हुक अडकलेली गाडी बाहेर काढण्यासाठी असल्याचे लिहिलेले सापडले. ओढण्याच्या वजनाचा आकडा त्यात कोठेही नव्हता. जोडलेल्या वाहनाच्या वजनाचा काही भाग हुकावर खाली दाबतो, साधारण दहावा हिस्सा धरला तरी ११५ किलो. तो पेलोडमधूनच जातो, आणि हुक मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्याने त्या अ‍ॅक्सलवर प्रत्यक्ष भार त्याहून जास्त पडतो व पुढची चाके हलकी होतात. त्यामुळे भरलेल्या गाडीला मिक्सर जोडणे म्हणजे एकूण वजनाची आणि मागच्या अ‍ॅक्सलची, अशा दोन्ही मर्यादा एकाच वेळी ओलांडणे आहे.

अमेरिकेत पिकअपच्या चालकाच्या दाराशेजारी माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल याचा आकडा असलेली पट्टी लावणे बंधनकारक आहे. तेथेही विक्रेते मोठे आकडे सांगतात, पण निदान दार उघडून पाहता येते. आपल्याकडे तो आकडा स्वतः काट्यावर जाऊन काढावा लागतो. उसाच्या हंगामात कारखान्याच्या काट्यावर काटामारी (वजनात लबाडी) होते की नाही यावर कोल्हापुरात आंदोलने होतात, दुसऱ्या काट्यावर खात्री करूनच ऊस घाला असे सांगितले जाते. तोच माणूस दहा लाखांची गाडी मात्र एकदाही रिकामी वजन न करता घरी नेतो, हे मला अजून उमगलेले नाही.

माल मोजण्याची आपली एकके वजनाची नसतात, याचाही विक्रेते फायदा घेतात. ‘अर्धा ब्रास वाळू आरामात’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला ते थोडे वाटते. प्रत्यक्षात अर्धा ब्रास म्हणजे ५० घनफूट आणि त्याचे वजन दोन टनांच्या वर जाते, ओली असेल तर आणखी. हजार विटा अडीच ते तीन टनांच्या घरात जातात. हजार लिटर पाणी एक टन, टाकी वेगळी. विक्रेत्याला आपला माल नेहमीच्या एककात सांगून उत्तर किलोत लिहून मागावे. आमच्या प्रतिनिधीने पन्नास पोत्यांचा शब्द बोलून दाखवला, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘२.५ टन ओके’ असे लिहिलेही. त्या एका संदेशाचा आज सर्वांत जास्त उपयोग होत आहे.

गाडी घेणाऱ्यांनी उरलेला पैसा देण्यापूर्वी पूर्ण तयार गाडी, हौदा आणि कॅरिअरसह, टाकी भरून, काट्यावर न्यावी आणि पावतीवर गाडीचा क्रमांक किंवा चॅसी क्रमांक लिहून घ्यावा. तो आकडा आरसीवरील रिकाम्या वजनाशी जुळत नसेल तर ताबा घेऊ नये. हौदा बाहेरून करायचाच असेल तर तो नोंदणीपूर्वी व्हावा आणि त्याचे वजन कागदावर यावे.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती, पण विक्रेत्याने दाद दिली नाही. तक्रारीला मुदत दोन वर्षांची असते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. विक्रेत्याच्या उत्तरातील मुख्य मुद्दा असा की गाडी व्यापारासाठी घेतली असल्याने आम्ही ग्राहकच ठरत नाही. कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळलेली आहे हे खरे, परंतु स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून बाहेर ठेवलेली आहे. दुकान आम्ही दोघे भाऊ चालवतो आणि गाडी धाकटा भाऊ स्वतः चालवतो, हे आम्ही प्रतिज्ञापत्रावर मांडले आहे. सुनावणी अजून व्हायची आहे.

दरम्यान जाड हौदा आणि वाढीव पाटे काढून टाकले, हलका हौदा करून घेतला आणि आरटीओच्या परवानगीने त्याची आरसीवर नोंद केली. रिकामी गाडी आता काट्यावरही १,८६० आहे आणि कागदावरही १,८६०. माणसांचे १४० धरून २९ पोती जातात, आणि मिक्सरसाठी लागेल तेव्हा ट्रॅक्टर भाड्याने सांगतो.