दुसरा मॉनिटर जोडायला सीपीयू दुकानात दिला, तिथंच फसलो

मी टॉवेलच्या जकार्ड डिझाइनचं, म्हणजे मागावर विणतानाच उमटणाऱ्या नक्षीचं काम करतो. सोलापुरात अशोक चौकाच्या मागं राहतो. पूर्वी ग्राफ पेपरवर चौकोन भरायचो, आता तेच काम घरच्या संगणकावर होतं. 1344 हुकांचा (हुक म्हणजे मागावरचे धागे उचलणारे आकडे) ग्राफ चौकोन नीट दिसतील इतका मोठा केला की पडदा भरून जातो. मग गिऱ्हाइकानं पाठवलेला फोटो बघायला सारखं इकडून तिकडं जावं लागतं, आणि त्यात चौकोन चुकतात. एका पडद्यावर ग्राफ, दुसऱ्यावर फोटो, एवढंच मला हवं होतं. मेहुण्यांच्या ऑफिसातला 22 इंची मॉनिटर मिळाला. तो जोडायला संगणकाच्या दुकानातल्या ज्या माणसाला बोलावलं, त्यानं मला 5,850 रुपयांना आणि वर एका रॅमला बुडवलं. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर जत्रेच्या आधी ऑर्डरींची घाई असते. अशा घाईत दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये म्हणून सगळं लिहितोय.

पहिल्या दिवशी त्यानं 350 रुपयांची स्प्लिटर केबल लावली. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र आलं. स्प्लिटरचं कामच ते आहे, एकाच चित्राच्या दोन प्रती देणं. वेगवेगळी चित्रं हवी असतील तर संगणकातून दोन वेगळ्या केबली निघाव्या लागतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्याला नक्की माहीत होतं.

मी तक्रार केल्यावर तो पुन्हा आला. सीपीयूच्या मागं निळ्या व्हीजीए पोर्टाशेजारी (पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा) एचडीएमआय पोर्ट होता. त्यात केबल लावून त्यानं नवा मॉनिटर दाखवला: ‘नो सिग्नल’. म्हणाला, "बघा मालक, बोर्ड सिंगल डिस्प्लेचा आहे. ग्राफिक कार्ड टाकल्याशिवाय होत नाही." डोळ्यांनी बघितलं म्हणून मी विश्वास ठेवला. 2 जीबीचं नवीन कार्ड 4,800, ‘बायोस अपडेट’चे 700. सीपीयू दुकानात न्यावा लागेल म्हणाला. 2,000 मी फोनवरून पाठवले, उरलेले 3,500 दुसऱ्या दिवशी सीपीयू परत आल्यावर रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, "बिल पाहिजे असलं तर 18 टक्के वर पडतील की ओ. कशाला उगाच?" मी गप्प बसलो. तिथंच माझे हात बांधले गेले.

दोन्ही पडदे चालू झाले, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. पण दोन आठवडे डिझाइनची मोठी फाइल उघडली की संगणक अडकायचा. एकदा तीन तासांचं काम गेलं. वाटलं, दोन पडद्यांचा भार पडत असेल.

भाची कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते. रविवारी घरी आली तेव्हा तिला सांगितलं. तिनं टास्क मॅनेजरमध्ये मेमरी उघडली आणि विचारलं, "मामा, तुमची रॅम किती होती?" मी म्हणालो आठ. पडद्यावर चार दिसत होती, आणि खाली दोनपैकी एकच स्लॉट वापरात. सीपीयू उघडला तर दुसरा स्लॉट रिकामा. लाइट बिलांच्या फायलीत 2015 ची संगणकाची पावती सापडली. त्यावर स्वच्छ लिहिलंय, 4 जीबीच्या दोन.

मग तिनं डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचं नाव बघितलं: जीफोर्स 210. हे कार्ड 2009 साली बाजारात आलेलं. मला विकलं ते 1 जीबीचं होतं, पंख्याच्या पात्यांत धूळ घट्ट बसलेली.

सगळ्यात वाईट वाटलं ते पुढं. तिनं कार्ड काढून ठेवलं, जुना मॉनिटर बोर्डाच्या व्हीजीएला आणि नवा एचडीएमआयला लावला. ‘नो सिग्नल’ आलंच. तिनं मॉनिटरच्या कडेचं बटण दाबून सोर्स, म्हणजे चित्र कोणत्या केबलीवरून घ्यायचं ते, व्हीजीएवरून एचडीएमआयवर नेला, आणि चित्र आलं. मग विंडोज आणि पी ही बटणं एकदम दाबून ‘एक्स्टेंड’, म्हणजे दोन पडद्यांवर वेगवेगळं चित्र, हे निवडलं. झालं काम, एक रुपया न घालता. माझा बोर्ड एच81 चिपसेटचा, तो मुळातच दोन पडदे चालवतो. त्या माणसानं मॉनिटरचा सोर्स व्हीजीएवरच ठेवून मला ‘नो सिग्नल’ दाखवला होता.

कार्ड बसवल्यावर बोर्डाचे पोर्ट बहुतेक संगणकांत आपोआप बंद होतात. मधल्या काळात मी एचडीएमआयला केबल लावून बघितली होती, काहीच आलं नव्हतं. त्यामुळं तो म्हणाला तेच खरं वाटत राहिलं.

कोणी कार्ड घ्यायला सांगितलं तर आधी सीपीयूच्या मागं किती पोर्ट आहेत ते बघा, आणि मॉनिटरचा सोर्स बदलून स्वतः तपासा. काही संगणकांना कार्ड खरंच लागतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यात पडद्यासाठी ग्राफिक्स नसतातच, तिथं बोर्डाचा पोर्ट असूनही उपयोग नाही. सीपीयू घराबाहेर द्यायचाच असेल तर झाकण उघडून आतले फोटो काढा, रॅमवरचे नंबर दिसतील असे.

मी दुकानात गेलो. मालक म्हणाला, "रॅम एकच होती. पुरावा काय?" 2015 ची पावती दाखवली, तर म्हणाला मधल्या वर्षांत तुम्हीच काढली असेल. माझ्याकडं फोटो नव्हता.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. 2,000 रुपये पाठवल्याची नोंद, त्याचं व्हिजिटिंग कार्ड आणि जुनी पावती एवढंच देता आलं. तक्रार नोंदवून घेतलीय. दुकानाकडून उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाणार आहे, त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. ते ग्राफिक कार्ड घरात कोणालाही हात लावू दिलेलं नाही. वर तारीख लिहून कपाटात ठेवलंय.